कौशल्याचा खेळ होता, म्हणूनच लिहितोय

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य

सप्रेम नमस्कार.

मी इचलकरंजीचा. वय चौतीस. इंजिनिअरिंग झालंय, सध्या एका सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावणाऱ्या कारखान्यात, हिशेब लिहितो. २०१८ पासून साधारण पाच वर्षं मी ऑनलाइन पोकर खेळून पोट भरलं आणि त्यानंतरची दीड वर्षं क्रिकेटच्या सट्ट्यावर ते भरायला गेलो. पहिल्यात मी जिंकत होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण हरलेल्या माणसाचं बोलणं लोक रडगाणं म्हणून सोडून देतात.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आणणाऱ्या केंद्राच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि मोठ्या ॲप्सनी काही दिवसांत पैशांचे खेळ बंद केले. आता हा विषय दिल्लीचा झाला, आपलं काम संपलं, असं तुम्हाला वाटत असेल तर कृपा करून पुढचं वाचा. जुगार आणि सट्टा हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतला विषय आहे. पोलीस तुमचे, सरकारी दवाखाने तुमचे. आणि आमच्या गल्लीतला सट्टा ऑगस्टनंतरही चालू आहे.

पुण्यात नऱ्ह्याला आम्ही चौघांनी फ्लॅट घेतला होता. सगळे इंजिनिअर, सगळ्यांनी कॅम्पसमधून मिळालेली पंधरा-अठरा हजारांची नोकरी सोडलेली. दिवसा झोपायचं, संध्याकाळी सातला बसायचं, पहाटे तीन-चारला उठायचं. कुणी जुगारी म्हटलं की आमच्याकडे कोर्टाचे निकाल तोंडपाठ असायचे. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं, १९९६ साली घोड्यांच्या शर्यतींना. २०१७ साली गुजरात उच्च न्यायालयाने पोकरला जुगारच ठरवलं होतं, तो निकाल मात्र आमच्यापैकी कुणी कधी काढायचा नाही.

पोकर कौशल्याचा खेळ आहे, हे मी आजही म्हणेन. म्हणून त्या कौशल्याचा हिशेब मांडतो.

आम्ही बसायचो ते पाच-दहाचं टेबल. पत्ते बघायच्या आधी दोघांना जी रक्कम लावावीच लागते तिला ब्लाइंड म्हणतात; इथे लहान ब्लाइंड ५ रुपये आणि मोठा १०. चांगला खेळाडू शंभर हातांमागे, म्हणजे शंभर डावांमागे, पाच मोठे ब्लाइंड कमावतो, म्हणजे ५० रुपये. एकदम चार टेबलं उघडली की तासाला तीनशे हात होतात. तासाचे दीडशे रुपये. महिन्याला १२० तास नेमाने बसलं तर ३६ हजार हात, १८ हजार रुपये. ही सरासरी झाली. पोकरमधला चढउतार एवढा असतो की ३६ हजार हात नीट खेळूनसुद्धा सहातला एक महिना तोट्यात जातो. दोन एक्के हातात घेऊन दोन राजांसमोर सगळे पैसे लावले तरी शंभरातल्या अठरा वेळा आपण हरतो, आणि त्या अठरा वेळा ठरवून लांब लांब येत नाहीत. एका संध्याकाळी तीन वेळा येतात. त्यामुळे निदान चाळीस-पन्नास बाय-इन (एका टेबलावर बसताना घ्यायचे पैसे) एवढी रक्कम बाजूला ठेवावी लागते, तिला हात लावायचा नाही, घरभाडं थकलं तरी नाही. मोठ्या टेबलावर गेलं की कमाई वाढते. मी गेलो, काही महिने लाखाच्या जवळ कमावलं. पण तिथे बसणारे बहुतेक आमच्यासारखेच असतात.

आणि खरी गोम तिथेच आहे. ॲपवाला प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या पैशांतून, चार-पाच टक्के कापतो. त्याला रेक म्हणतात. सारख्याच हुशारीचे सहा जण रात्रभर एकमेकांशी खेळले तर पहाटे ते सहाही जण मिळून हरलेले असतात. पोकरवर पोट भरायचं तर टेबलावर खेळ न येणारा माणूस लागतोच. त्याला आम्ही फिश म्हणायचो.

खेळताना प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे रंग लावता येतो, टिपण लिहिता येतं. मी फिशला हिरवा रंग द्यायचो. माझ्याकडे अशी दोनशेच्या वर टिपणं होती. त्यातलं एक जसंच्या तसं देतो: "१ ते १० तारखेला येतो. हरला की पाच मिनिटांत परत पैसे भरतो. रात्री एकनंतर कुठलेही पत्ते खेळतो. बोलत ठेवावा." दुसऱ्या एकाच्या नावापुढे एवढंच होतं: "शनिवार. पगार." आमची चांगली कमाई महिन्याच्या पहिल्या आठवड्यात व्हायची आणि आयपीएलच्या दिवसांत, सामना संपल्यावर, जेव्हा सट्ट्यात हरलेली माणसं तेवढे तरी काढू म्हणून पत्त्यांकडे यायची. महिन्याचं वेळापत्रक आम्ही त्यावर ठरवायचो. वीस तारखेनंतर गावी जाऊन यायचं, कारण टेबलं सुकलेली असायची.

एका रात्री, दीड वाजला असेल, यातल्याच एकाने टेबलाच्या चॅटमध्ये मराठीत लिहिलं, "शेवटचा डाव, सकाळी पाळी आहे." पाळी हा आमच्याकडचा शब्द. मागावर जाणाऱ्या माणसाच्या तोंडचा. तो माझ्याच गावचा असेल, भिवंडीचा असेल, मालेगावचा असेल. त्याच्यासमोर ६४० रुपये होते. मी तो हात बरोबर खेळलो, त्याने चुकीचा कॉल केला, ६४० रुपये माझ्याकडे आले. आमच्याकडे एका पाळीची मजुरी जवळपास तेवढीच होते. त्याने शेवटचा म्हटलं होतं, पण पाच मिनिटांत परत पैसे भरले. मी साडेतीनपर्यंत बसलो आणि तोही बसला.

मला त्या रात्री अपराधी वाटलं नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं, शिस्तीने खेळलो म्हणून. वाईट वाटायला फार पुढे सुरुवात झाली, जेव्हा मी स्वतः कुणाच्या तरी वहीत हिरवा झालो.

घरी काय सांगायचं हा प्रश्न पाचही वर्षं होता. फ्लॅटच्या भाडेकरारात व्यवसायाचा रकाना असतो, बँकेत असतो, लग्नाच्या बायोडाट्यात असतो. मी सगळीकडे "डेटा ॲनालिस्ट" लिहायचो. आण्णांनी मागावर जॉबर म्हणून आयुष्य काढलंय. त्यांना मटका माहीत होता. गिरणगावात साठच्या दशकात न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडा लावायला सुरुवात झाली आणि पुढे तो खेडोपाडी पोहोचला. आमच्या बोळातही चिठ्ठी लिहिणारा बसायचा, ओपन-क्लोजची कुजबुज चालायची. पण मटका लावणारा माणूस त्याला धंदा म्हणत नव्हता, पोराबाळांसमोर नाव घेत नव्हता. आमच्या पिढीला ते प्रतिष्ठेचं करून मिळालं. खेळाडूंच्या जाहिराती आल्या, भारतीय संघाच्या जर्सीवर ॲपचं नाव आलं. माझ्या मामाने एकदा विचारलं, जर्सीवर आहे म्हणजे सरकारचंच ना? मी हो म्हणालो.

१ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकण्यावर ३० टक्के टीडीएस लागू झाला. या वर्षीचा तोटा पुढच्या वर्षीच्या कमाईतून वजा होत नाही, त्यामुळे चढउतारावर जगणाऱ्याचं कंबरडंच मोडतं. १ ऑक्टोबरपासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला. हजार रुपयांत हा कर धरला तर २१९ रुपये खेळायच्या आधीच जातात. ॲप्सनी बोनस देऊन काही दिवस झाकलं, मग हौशी माणसं कमी होत गेली. टेबलावर आम्हीच उरलो, एकमेकांचे पैसे फिरवत आणि रेक भरत. चौघांतले दोघे नोकरी शोधायला लागले. एक जण गोव्याला गेला, मांडवीतल्या कॅसिनोच्या पोकर टेबलांवर. मी क्रिकेटकडे वळलो.

मला वाटलं होतं, आकडेमोड मला येते, संयम आहे, हे तर सोपंच.

आयडी, म्हणजे सट्ट्याच्या साइटवरचं खातं, मिळायला वीस मिनिटं लागली. मित्राच्या ओळखीतल्या एकाला व्हॉट्सॲपवर मेसेज केला, त्याने खातेनंबर पाठवला, पैसे टाकले, आयडी आणि पासवर्ड आला. पुढच्या वेळी खातेनंबर वेगळा, त्याच्या पुढच्या वेळी आणखी वेगळा. ही खाती कुणाची असतात ते मला नंतर कळलं. कॉलेजच्या पोरांची. महिन्याला थोडेफार पैसे देऊन पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम घेऊन ठेवतात. खातं गोठलं आणि पोलिसांची नोटीस आली की ती त्या पोराच्या घरी येते.

सट्ट्याचं गणित पोकरपेक्षा सरळ आहे आणि जास्त निर्दय. दोन्ही बाजूंना ९० पैशांचा भाव, म्हणजे रुपया लावून जिंकलं तर ९० पैसे, असला तर शंभरातले ५३ अंदाज बरोबर आले तरच माणूस तरतो. सेशन म्हणजे ठरावीक षटकांत किती धावा होतील यावरचा सट्टा. त्यात भाव येतो ४८-४९. सहा षटकांत ४९ किंवा जास्त झाल्या तर "यस"वाला जिंकला, ४७ किंवा कमी झाल्या तर "नॉट"वाला. बरोबर ४८ झाल्या तर दोघेही हरले. ती मधली एक धाव बुकीची, आणि ती तो प्रत्येक सेशनला घेतो.

पण मला समजायला वेळ लागला तो दुसऱ्याच गोष्टीला. मी सामना मोबाइलवर बघायचो. माझ्या स्क्रीनवर बॉलर अजून रनअपच्या टोकाला वळतोय आणि आयडीवर भाव गोठायचा. काही सेकंदांनी माझ्या स्क्रीनवर स्टंप उडायचा. चेंडू मैदानात पडून गेलेला असायचा, मैदानातून बातमी तिकडे पोहोचलेली असायची, आणि मी उशिरा आलेलं चित्र बघून, डोकं लावून, पैसे लावत होतो. हे मी पहिल्याच महिन्यात ताडलं. तरी सोळा महिने खेळलो. पोकरमध्ये संताप आला की टेबल बंद करायची सवय मी स्वतःला लावली होती. क्रिकेटमध्ये दर चेंडूला नवीन भाव येतो आणि बंद करायला जागाच सापडत नाही.

पोकरमधून साठवलेले नऊ लाख आठ महिन्यांत गेले. त्यावर सव्वासहा लाखांचं कर्ज झालं, त्यातलं निम्मं झटपट कर्ज देणाऱ्या ॲप्सचं. एकदा मोठी रक्कम जिंकलो तर आयडीच बंद केला. तक्रार कुठे करणार? आईच्या पाटल्या तिला न सांगता एका पतसंस्थेत गहाण ठेवल्या. बहिणीच्या घरच्या कार्यासाठी तिने त्या काढायला कपाट उघडलं, तेव्हा मी शेजारच्या खोलीत होतो. ती ओरडली नाही. तिने कपाटातल्या सगळ्या साड्या एकेक करून पलंगावर काढल्या, झटकल्या आणि परत घड्या घालून ठेवल्या. दोनदा. मग बाहेर येऊन म्हणाली, "तू जेवलास का?" मी तेव्हा सांगितलं.

त्यानंतर मी एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दारू विचारली, गांजा विचारला. दोन्हीला नाही म्हटल्यावर झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि मन रमवायला सांगितलं. त्यांचा दोष काढत नाही, त्यांच्यासमोर असा रुग्ण आधी आलाच नसेल, किंवा आला असेल तर त्याने खरं सांगितलं नसेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात जुगाराचं व्यसन नोंदलेलं आहे. टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, १४४१६ हा सरकारी नंबर मला एका मित्राने दिला. कुठल्याही बसस्टँडवर किंवा आयडी मिळतो त्या चौकात तो नंबर मी लिहिलेला पाहिला नाही. मी त्यावर बोललो. समोरच्या बाईंनी पहिल्यांदाच मला किती हरलात असं न विचारता शेवटचं कधी खेळलात असं विचारलं. त्या एका प्रश्नाने मला बोलता आलं. आज मला खेळून अकरा महिने झाले. कर्ज अजून चार लाख बाकी आहे, पाटल्या तिथेच आहेत.

आता तुमच्याकडे येतो.

केंद्राच्या कायद्याने एक गोष्ट बरोबर केली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा वाद त्याने बाजूला ठेवला. पैसे लावून ऑनलाइन खेळवणं, त्याची जाहिरात करणं आणि त्याचे व्यवहार पार पाडणं गुन्हा ठरवलं, आणि खेळणाऱ्याला शिक्षेतून वगळलं. कोर्टात पन्नास वर्षं आपण विचारत आलो की या खेळात डोकं लागतं का. लागतं. म्हणूनच तर डोकं असलेला माणूस पाळीला जाणाऱ्याचे ६४० रुपये रोज काढू शकतो. तो प्रश्न कायद्याने सोडला, हे चांगलं झालं.

आपल्याकडचा मूळ कायदा १८८७ चा. तो जुगाराच्या अड्ड्याभोवती रचलेला आहे: जागा, जागेचा मालक, तिथे सापडलेले पत्ते आणि रोकड. अजूनही छापा पडला की बातमीत तेच असतं, झाडाखाली पाच जण, इतके हजार रुपये, दोन मोटारसायकली. आयडी देणाऱ्याला झाड लागत नाही. आमच्या भागात तो सलूनमध्ये भेटतो, पानपट्टीवर भेटतो, तोही बहुतेक वेळा आधी हरलेला असतो आणि कर्ज फेडायला दलाली करतो. त्याला उचललं की त्या जागी आठ दिवसांत दुसरा येतो. पैसे वर कुठल्या खात्यांतून जातात, ती खाती कोण गोळा करतं, तिकडे तपास जायला हवा. आणि खातं भाड्याने दिलेल्या पोराला आधी समजवायला हवं, कॉलेजच्या पहिल्या वर्षीच, त्याचं नाव एफआयआरमध्ये येण्याच्या आधी.

थोड्या दिवसांनी तुमच्यासमोर कुणीतरी महसुलाचा मुद्दा घेऊन येईल. बंदी चालत नाही, मग परवाने देऊन कर घ्या, असं म्हणेल. क्रिकेट मंडळाच्या सुधारणांसाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीने २०१६ साली आणि विधी आयोगाने २०१८ साली नियमनाचा विचार मांडला होता, आणि फ्लॅटवर बसून मीसुद्धा त्याच बाजूने भांडायचो. आता नाही. शंभर रुपये हरून निवांत झोपणाऱ्या माणसावर हा धंदा चालत नाही, हे मी आतून पाहिलंय. तो पाच मिनिटांत परत भरणाऱ्यावर चालतो. परवाना दिला तर सरकारलाही पहिल्या आठवड्याची वाट बघावी लागेल. १९७६ चा कॅसिनोचा कायदा आपण कधी अमलात आणला नाही आणि २०२३ साली तो रद्दच केला, हे मला योग्य वाटतं. त्यावर ठाम राहा.

कायदा करताना सरकारचा अंदाज सांगितला गेला, की ४५ कोटी लोक वर्षाला सुमारे २० हजार कोटी रुपये गमावतात. मी हिशेबाचं काम करतो, म्हणून भागून पाहिलं. माणशी साडेचारशे रुपयेही येत नाहीत. हा आकडा ऐकला की वाटतं, एवढं तर सिनेमाला जातं. कारण त्या सरासरीत वीस रुपये हरणारा आणि घर विकणारा एकाच ओळीत बसलेत. तुम्हाला दुसरा माणूस शोधायचाय आणि तो सरासरीत सापडणार नाही. तो दवाखान्यात सापडेल, पतसंस्थेत सापडेल, कधी कधी पोलिसांच्या आकस्मिक मृत्यूच्या नोंदीत सापडेल, आणि तिथे कारणाच्या जागी "कर्जबाजारीपणा" एवढंच लिहिलेलं असेल.

म्हणून एक मागणं आहे, पैशांचं नाही. येत्या अधिवेशनात तुमच्यापैकी एकाने तारांकित प्रश्न लावावा: गेल्या वर्षभरात राज्यातल्या किती जिल्हा रुग्णालयांत जुगाराच्या व्यसनाचा किमान एक रुग्ण नोंदला गेला, आणि त्याच्यावर उपचार करायला शिकलेला माणूस तिथे आहे का? जिल्हानिहाय उत्तर लेखी मागा.

माझ्याकडे साडेसहा वर्षांच्या हिशेबाची फाइल आहे, रोजच्या जमेची आणि खर्चाची. ती दोनशे टिपणंही आहेत, खेळाडूंची नावं काढून टाकलेली. कुठल्याही समितीला हवी असतील तर मी स्वतः येऊन समोर ठेवीन आणि विचाराल त्याचं उत्तर देईन. सायझिंगला गुरुवारी सुट्टी असते.

आपला नम्र,
इचलकरंजीतील एक मतदार